नव्या आवृत्तीचें हसें

खेळावरचा लेख म्हणून ज्या वाचकांना हें पान उलटावेसें वाटेल त्यांना आमची विनंति आहे कीं, त्यांनीं क्षणभर थांबावें. ज्या खेळाविषयीं आम्ही लिहिणार आहों तो पुस्तकांवरून खेळला जातो. त्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघतात. नवी आवृत्ति निघाली कीं तिच्या वाचकांत तट पडतात. आणि या तटांतून जो विनोद निर्माण होतो त्यांत टीकाशास्त्राच्या अभ्यासकानें विचार करण्याजोगें पुष्कळ आहे. निदान आम्हांस तरी तसें आढळून आलें, आणि तें आढळण्याचें निमित्त आमचा भाचा झाला.

हा भाचा पुण्यास अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत तो आपल्या चार मित्रांसह आमच्या बाहेरच्या खोलींत हा खेळ मांडून बसला होता. मध्येंच एकानें हातांतील पुस्तकांतून एक वाक्य मोठ्यानें वाचलें आणि पांचहि जण पोट धरून हसूं लागले. कुतूहलानें आम्ही तें वाक्य मागून घेऊन वाचलें. आम्हांस त्यांत हसण्यासारखें कांहींच दिसेना. तेव्हां भाचा म्हणाला, "मामा, हें समजायला मागची आवृत्ति वाचलेली असावी लागते." उत्तर नम्रपणाचेंच होतें, परंतु ज्या मनुष्यानें पाठभेद आणि आवृत्त्या शिकविण्यांत तीस वर्षें घालविलीं, त्याला स्वतःच्या घरांत तें ऐकावें लागलें, हें आमच्या मनास लागून राहिलें. त्यानंतर आम्ही या खेळाचीं पुस्तकें आणि त्यांवरील थट्टा, दोन्हींचा होईल तितका परिचय करून घेतला. नव्या आवृत्तीवरील हसणें ही टीका होय काय, आणि असल्यास तिची योग्यता कशी ठरवावी, एवढाच प्रश्न येथें आम्ही विचारांत घेणार आहों.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. याचें नांव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नांवानें तो प्रसिद्ध झाला. एका पेटींत तीन लहान पुस्तिका, एवढेंच त्याचें मूळ रूप. आणि पहिल्या खेपेस छापल्या त्या एक हजार प्रती. चारपांच जण टेबलाभोवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. त्याला 'डन्जन मास्टर' म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो: समोर दार आहे, दाराआड कोणी घोरत आहे. गडी आपलें पात्र काय करील तें सांगतो. कृत्य सिद्धीस जाईल कीं नाहीं याचा संशय असेल तेथें फासा टाकतात. हा फासा बहुधा वीस पैलूंचा असतो, आणि किती दान पडलें म्हणजे काय घडतें हें पुस्तक सांगतें. थोडें नाटक, थोडें कीर्तन आणि थोडा सारीपाट यांचें हें मिश्रण आहे असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

या पुस्तकांचे अवतार बरेच झाले. १९७७ ते १९७९ या काळांत नियम वाढवून त्यांचे तीन मोठे ग्रंथ झाले. १९८९ सालीं दुसरी आवृत्ति निघाली. १९९७ सालीं मूळ मंडळीची कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनें विकत घेतली, आणि दोनच वर्षांनीं तीहि 'हॅस्ब्रो' या खेळणीं करणाऱ्या मोठ्या कंपनीच्या मालकीची झाली. २००० सालीं तिसरी आवृत्ति, २००३ सालीं तिचीच डागडुजी करून 'साडेतीन', २००८ सालीं चौथी, २०१४ सालीं पांचवी, आणि २०२४ सालीं पांचवीचीच सुधारलेली प्रत. या शेवटच्या प्रतीला नवी आवृत्ति म्हणण्याचें प्रकाशकांनीं कटाक्षानें टाळलें. लोकांनीं मात्र तिला आपल्या हिशेबानें 'साडेपांच' म्हणावयास सुरुवात केली. नांव न ठेवतां उरकलेल्या बारशाला आलेल्या बायकांनींच मुलाला नांव ठेवावें, तसें हें झालें.

येथें एक शंका सहज येते. खेळाचे नियम बदलले तर त्यांत एवढें हसण्यासारखें काय आहे? आपल्या सारीपाटाचे नियम गांवोगांव थोडेफार निराळे आढळतात; त्यावर भांडण होतें, समेट होतो, परंतु 'सारीपाटाची चौथी आवृत्ति' अशी जाहिरात कोणीं पाहिली नाहीं. बुद्धिबळांतहि मोठे फेरफार झाले. एके काळीं वजीर तिरप्या रेषेंत एकेकच घर चाले. परंतु तो फरक कोणा एकानें केला नाहीं, शतकांच्या ओघांत झाला. तेव्हां हसावयाचें तरी कोणाला? डन्जन्स अँड ड्रॅगन्सची गोष्ट निराळी आहे. येथें नियमांना मालक आहे. त्याचें दुकान आहे. तो कांहीं वर्षांनीं येऊन सांगतो कीं, तुम्ही कालपर्यंत असें खेळत होतां, आजपासून तसें खेळा, आणि त्यासाठीं हीं तीन पुस्तकें विकत घ्या. ज्याला हें सांगावयाचें त्यानें जुन्या नियमांवर आपल्या आयुष्यांतील दहावीस वर्षांच्या संध्याकाळी घालविलेल्या असतात. त्याची पात्रें, त्यांचे पराक्रम, मित्रांशीं झालेले वाद हें सर्व त्या जुन्या नियमांत गुंतलेलें असतें. म्हणजे एकाच मिळकतीचे दोन धनी झाले: एकाजवळ खरेदीखत आहे, दुसऱ्याजवळ वहिवाट आहे. नव्या आवृत्तीवरील विनोद म्हणजे या वहिवाटदारानें आपला हक्क नोंदविण्याची रीत होय, असें आमचें मत झालें आहे. कोर्टांत त्याचा दावा टिकणार नाहीं हें त्याला ठाऊक असतें. म्हणून तो हसतो.

भरतमुनींनीं हास्याची उत्पत्ति शृंगारापासून सांगितली आहे. विद्यार्थ्यांना हें वाक्य शिकवितांना ते नेहमीं गोंधळांत पडतात. प्रेमापासून करुण निघावा, हास्य कसें निघतें? या खेळाच्या गड्यांनीं त्याचें उत्तर आम्हांस दिलें. ज्या वस्तूचें रूप आपल्या मनांत प्रेमानें ठसलेलें असतें, तीच विकृत वेष घेऊन समोर आली म्हणजे हसू येतें. परक्याचा वेष आपण पाहतों आणि पुढें जातों. हसतों तें भावानें घातलेल्या विचित्र पागोट्याला. भरतांनीं हास्याचे सहा प्रकार करून ते उत्तम, मध्यम व अधम अशा तीन प्रकृतींत वांटले आहेत: स्मित आणि हसित, विहसित आणि उपहसित, अपहसित आणि अतिहसित. त्यांची वांटणी हसणाऱ्याच्या स्वभावावरून आहे. आम्ही ती किंचित् वळवून, हसणाऱ्यानें पुस्तक किती वाचलें आहे यावरून करणार आहों.

उत्तम प्रतीचें हसणें तें, ज्याला नियमाची ओळ न् ओळ पाठ आहे त्याचें. याचें एक उदाहरण देतों. या खेळांत पात्राचें बळ 'हिट पॉइंट' नांवाच्या आंकड्यानें मोजतात. घाव बसला कीं आंकडा उतरतो. तो शून्याखालीं गेला कीं पात्र बेशुद्ध होऊन मरणाच्या पंथास लागतें, आणि साडेतीन आवृत्तीच्या नियमानें उणे दहाला मृत्यु येतो. आतां त्याच आवृत्तींतील बुडण्याचा नियम असा होता कीं, ज्याचा दम संपला तो पहिल्या फेरींत बेशुद्ध होतो व त्याचे हिट पॉइंट शून्य होतात. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढें धडधाकट मनुष्य होता हें उघड आहे. परंतु वाचकानें विचारलें: ज्याचा आंकडा आधींच उणे आठ आहे त्याला पाण्यांत बुडविलें तर? अक्षरार्थ धरला तर तो आठ अंकांनीं बरा होतो! तेव्हांपासून मरणोन्मुख मित्राला वैद्याकडे न नेतां पाण्याच्या पिंपांत बुडवावें, हा उपचार या मंडळींत प्रसिद्ध आहे. खेळतांना तो फारसा कोणी करीत नाहीं. पण तो माहीत नाहीं असा जुना गडी विरळा.

दुसरें उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. झुंजीची एक फेरी सहा सेकंदांची मानतात, आणि एका फेरींत प्रत्येकाला आपली कृति करतां येते; ती आधीं ठरवून योग्य क्षणीं करण्याचीहि सोय आहे. तेव्हां दोनतीन हजार शेतकरी एका रांगेंत उभे केले आणि प्रत्येकानें हातांत आलेला भाला पुढच्याच्या हातीं द्यावयाचा असें ठरविलें, तर तो भाला सहा सेकंदांत कोस दीड कोस जाऊन पोंचेल. मग त्याचा वेग केवढा! तो शत्रूला लागला तर डोंगर फुटेल! ही 'शेतकऱ्यांची तोफ'. तिच्यांतील खुबी अशी कीं, भाला पुढें नेण्यापुरतें नियमपुस्तकाला प्रमाण मानावयाचें, आणि तो लागण्याच्या क्षणीं तें मिटून पदार्थविज्ञानाचें पुस्तक उघडावयाचें. नियमांनींच शेवटपर्यंत जावें तर त्या भाल्याचा घाव एका सामान्य शेतकऱ्यानें फेंकलेल्या भाल्याइतकाच. ही तोफ रचणाऱ्यालाहि हें कळत होतें. त्याचें हसणें नियमकर्त्याच्या अज्ञानावर नव्हतें. शब्द आणि तात्पर्य यांच्यामध्यें जी फट प्रत्येक शास्त्रांत असते तिच्यावर होतें. आपल्या मीमांसकांनीं आणि वैयाकरणांनीं हाच उद्योग गंभीर मुद्रेनें शतकानुशतकें केला. सूत्रकारानें काय सांगितलें, काय सांगावयाचें राहिलें आणि काय चुकीचें सांगितलें, हें पाहणें म्हणजेच वार्तिककाराचें काम. कात्यायनानें पाणिनीवर वार्तिकें लिहिलीं तीं द्वेषानें लिहिलीं असें कोणी म्हणणार नाहीं.

आणि हें वार्तिक वायां गेलें नाहीं. २०२४ सालीं सूत्रधारासाठीं जो सुधारलेला ग्रंथ निघाला त्यांत, खेळाचे नियम म्हणजे सृष्टीचे नियम नव्हेत, हें स्पष्ट करण्यासाठीं एक स्वतंत्र टीप घातली आहे. आणि त्या टिपेंत माणसांच्या रांगेकडून हातोहात नेलेल्या भाल्याचा दाखला नांव न घेतां दिला आहे. गड्यांनीं केलेल्या थट्टेची दखल अशा रीतीनें मूळ शास्त्रानें घेतली. ज्या टीकेमुळें पुढच्या आवृत्तींत एक परिच्छेद वाढतो तिला केवळ टवाळी म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. किती गंभीर टीकालेखांना हें भाग्य लाभलें आहे, याचा विचार आमच्या समव्यवसायी बंधूंनीं स्वतःशींच करावा.

याच उत्तम कोटींत आणखी दोन रचनांचा उल्लेख केला पाहिजे. रिच बर्लू यांची 'ऑर्डर ऑफ द स्टिक' ही काडीसारख्या माणसांची चित्रमाला २००३ सालीं, साडेतीन आवृत्तीच्या वर्षींच सुरू झाली. तिच्या पहिल्याच चित्रांत पात्रांना एकाएकीं जाणवतें कीं, आपल्या जगाचे नियम बदलले. आपण होतों ते राहिलों नाहीं. एरवीं आवृत्तीचा त्रास वाचकाला. येथें तो कथेंतील माणसांच्या अंगावर घातला आहे. दुसरी रचना 'हॅकमास्टर' ही. 'नाइट्स ऑफ द डिनर टेबल' नांवाच्या व्यंगचित्रमालेंतील गडी जो काल्पनिक खेळ खेळत असत तोच २००१ सालीं खराखुरा छापून निघाला, आणि मुखपृष्ठावर लिहिलें 'चौथी आवृत्ति'. पहिल्या तीन आवृत्त्या कधीं निघाल्याच नव्हत्या! मूळ खेळाची त्या वेळीं तिसरी चालू होती. जुन्या, वाढलेल्या, तक्त्यांनीं भरलेल्या नियमांची ही थट्टा परवाना घेऊन केलेली होती. आणि गंमत अशी कीं, थट्टा म्हणून निघालेला हा खेळ लोक मन लावून खेळले. विडंबन इतकें चांगलें साधलें कीं तें मूळ वस्तूच्या कामीं आलें, हा मान विडंबनकाराला क्वचितच मिळतो.

आतां मध्यम प्रतीकडे वळूं. याचें पीक सर्वांत जास्त आलें तें २००८ च्या चौथ्या आवृत्तीवर. तींत प्रत्येक पात्राच्या सामर्थ्यांचे तीन वर्ग केले होते: हवें तेव्हां वापरण्याचीं, प्रत्येक झुंजींत एकदां वापरण्याचीं, आणि दिवसांतून एकदांच वापरण्याचीं. मांत्रिकाचा मंत्र दिवसांतून एकदां चालावा हें जुन्या मंडळींना मान्य होतें. परंतु तलवारीचा अमुक एक हात योद्ध्यानें सकाळीं केला म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याला तो कां येऊं नये? जेवणानंतर विसरतो काय? असा प्रश्न घरोघर विचारला गेला. पूर्वीं गड्यांत मोडणारा 'नोम' हा ठेंगणा प्राणी या आवृत्तीच्या पहिल्या पुस्तकांतून गळला व राक्षसांच्या पुस्तकांत जाऊन पडला. त्यावर प्रकाशकांनीं स्वतःच एक छोटा व्यंगचित्रपट काढला. त्यांत बिचारा नोम, आपण आतां राक्षस झालों आहों असें सर्वांना पटविण्याची खटपट करतो. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या पुस्तकांत त्याला परत घेण्यांत आलें. १९८९ च्या आवृत्तीच्या वेळींहि असाच प्रकार घडला होता. धर्मभीरु पालकांच्या आक्षेपामुळें 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द गाळले गेले, आणि तेच पिशाच पुढें 'टॅनारी' व 'बाटेझू' या नांवांनीं परत आले. नांव बदलून गांवांत परत आलेल्या कुळासारखे ते सर्वांच्या ओळखीचे होते.

या हसण्याला आम्ही मध्यम म्हणतों, कारण यांत वाचन आहे परंतु तें अर्धें आहे. एकच दाखला पुरे. चौथ्या आवृत्तींत 'वॉरलॉर्ड' म्हणजे सेनानायक हें पात्र आपल्या स्फूर्तिदायक शब्दानें सोबत्याचे गेलेले हिट पॉइंट परत मिळवून देतें. यावर फार हसें झालें: हा मनुष्य ओरडून तुटलेले हात जोडतो कीं काय? विनोद चांगला आहे, आम्हीहि हसलों. परंतु मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर १९७९ सालींच गायगॅक्स यांनीं सांगून ठेवलें होतें कीं, हिट पॉइंट म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. कौशल्य, दैव आणि चिकाटी हींहि त्यांत येतात. तसें असेल तर धीराच्या शब्दानें ते वाढावे यांत विपरीत तें काय? उलट, मग विषाच्या कांट्यानें ओरखडा आला कीं नाहीं हें ठरवावयाचें कसें? म्हणजे घोटाळा चौथ्या आवृत्तीनें केला नव्हता. तो पहिल्यापासून मुळांत होता. नव्या आवृत्तीनें तो उजेडांत आणला, आणि लोक हसले मात्र नव्या आवृत्तीला. मध्यम विनोदाचें हें लक्षण आम्हांस दिसतें: त्याचा बाण अचूक सुटतो, परंतु शेजारच्या घरावर पडतो.

अधम प्रत ती, जींत पुस्तक अजिबात नसतें, केवळ माणसें असतात. दुसऱ्या आवृत्तींत 'थॅको' नांवाचें एक गणित होतें. चिलखत जितकें उत्तम तितका त्याचा आंकडा लहान, अगदीं शून्याच्याहि खालीं. त्यामुळें घाव बसण्यास किती दान हवें हें काढण्यासाठीं दर वेळीं वजाबाकी करावी लागे. २००० सालीं हा उफराटा हिशेब सरळ करण्यांत आला. बदल शहाणपणाचा होता. परंतु 'आतां हा खेळ पोरांचा झाला, वजाबाकीहि येत नाहीं यांना' असें हसणारे निघालेच. उलट बाजूनें नव्या मंडळींनीं 'थॅको' हा शब्दच म्हाताऱ्याच्या कुरकुरीला लावला. २०२१ च्या एका प्रकाशित साहसकथेंत तर थॅको नांवाचा एक वृद्ध, चिडखोर विदूषक आहे. ही दुसरी थट्टा सौम्य आहे असें म्हणतां येईल. पहिली तशी नाहीं. टेबलापाशीं प्रथमच येऊन बसलेल्या मुलाला तो कोणत्या आवृत्तीपासून खेळूं लागला हें विचारून हसणें, यांत विनोद कांहींच नाहीं. दारावर उभें राहून आंत येणाऱ्याची जात विचारण्याचाच तो प्रकार आहे.

या ठिकाणीं आमच्या स्वतःच्या एका अपराधाचा उल्लेख केल्याशिवाय पुढें जाणें आम्हांस उचित वाटत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या निबंधसंग्रहाची विद्यार्थ्यांसाठीं केलेली नवी आवृत्ति आमच्याकडे अभिप्रायार्थ आली. संपादकानें लांब परिच्छेद तोडले होते आणि प्रत्येक निबंधाखालीं कठीण शब्दांचे अर्थ दिले होते. आम्ही प्रस्तावना वाचली, दोनचार पानें चाळलीं, आणि त्या शब्दार्थांवर एक खुसखुशीत अभिप्राय लिहिला. दूध पितांना दांत लागूं नयेत अशी व्यवस्था संपादकांनीं केली आहे, अशा आशयाचें त्यांत कांहीं होतें. मित्रमंडळींत तो अभिप्राय फार आवडला. दोन वर्षांनीं वर्गांतील एक विद्यार्थिनी तीच प्रत घेऊन आमच्याकडे आली. तिच्या घरीं तिच्या अगोदर कोणी पुस्तक उघडलें नव्हतें. प्रत्येक पानाच्या खालचे अर्थ पेन्सिलीनें अधोरेखित केलेले होते. तिनें त्यांतील एका निबंधाविषयीं जो प्रश्न विचारला तो आमच्या वर्गांत त्यापूर्वीं कोणींहि विचारला नव्हता. आमचा अभिप्राय तिनें वाचला नव्हता, हें आमचें सुदैव. त्या दिवशीं आम्ही ती आवृत्ति प्रथमच वाचली. त्यांतील दोन अर्थ खरोखरच चुकले होते. हसावयाचें असतें तर त्यांवर हसतां आलें असतें, आणि संपादकाचा उपयोगहि झाला असता.

यावर कोणी असा पूर्वपक्ष करील कीं, हसण्याला एवढें महत्त्व देण्याचें कारण नाहीं. मालक हसण्याला भीत नाहीं, तो विक्रीला भितो. याला उत्तर इतिहासांतच आहे. चौथ्या आवृत्तीला हसलेले पुष्कळ लोक केवळ हसून थांबले नाहींत. २००० सालीं प्रकाशकांनीं एक मोकळा परवाना दिला होता. त्याच्या आधारें जुन्या नियमांवर कोणासहि आपलें पुस्तक रचतां येई. त्याचा आश्रय घेऊन पायझो या कंपनीनें साडेतीन आवृत्तीच्या पायावर 'पाथफाइंडर' नांवाचा खेळ २००९ सालीं काढला, आणि वहिवाटदारांचा मोठा समुदाय तिकडे गेला. पांचव्या आवृत्तीच्या वेळीं प्रकाशक शहाणे झाले होते: २०१२ सालापासून त्यांनीं नियमांचे कच्चे खर्डे लोकांपुढें ठेवून त्यांचे अभिप्राय मागविले, आणि मग २०१४ सालीं पुस्तक छापलें. पुढें जानेवारी २०२३ मध्यें तोच मोकळा परवाना मागें घेण्याचा बेत उघडकीस आला, तेव्हां विनोद झालेच. परंतु प्रधान रस हास्य नव्हता, रौद्र होता. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रकाशकांना माघार घेऊन मूळ नियमांचा मोठा भाग सर्वांसाठीं खुला करावा लागला. यावरून आम्ही असें समजतों कीं, जोंपर्यंत लोक नव्या आवृत्तीला हसत आहेत तोंपर्यंत तिचें घर शाबूत आहे. जुनें पुस्तक कपाटांत आहे, तें कोणी हिरावून घेत नाहीं, ही खात्री असते तोंच हसतां येतें. ती खात्री गेली कीं हसू आटतें.

असो. आमचा निर्णय थोडक्यांत असा. नव्या आवृत्तीवरील हसणें ही टीका होऊं शकते, आणि चांगली टीका होऊं शकते. मात्र तिची योग्यता हसण्याच्या आवाजावरून ठरत नाहीं, वाचनावरून ठरते. कोणत्या ओळीला हसलांत तें दाखवा, एवढी एकच कसोटी तिला लावावी. ज्याला ओळ दाखवितां येते त्याच्यापासून ग्रंथकारानें शिकावें. ज्याला ती दाखवितां येत नाहीं त्यानें, आमच्याप्रमाणेंच, घरीं जाऊन पुस्तक वाचावें.

या खेळांत भाटाच्या पात्राला एक मंत्र मिळतो, त्याचें नांव 'व्हिशस मॉकरी', म्हणजे जिव्हारीं लागणारी थट्टा. थट्टेचा शब्द उच्चारला कीं शत्रूला खराच घाव बसतो. २०१४ च्या पुस्तकांत तो घाव चार पैलूंच्या फाशानें मोजीत; २०२४ मध्यें तो सहा पैलूंच्या फाशाचा झाला आहे. परंतु आमचें लक्ष दुसऱ्याच कलमाकडे गेलें. २०१४ च्या नियमांत म्हटलें होतें कीं, शत्रूला शब्द ऐकूं आले म्हणजे पुरे. त्याला ते समजले पाहिजेत असें नाहीं. भाच्याला आम्ही हें कलम दाखविलें आणि हसलों. तोहि हसला. तो कां हसला हें आम्ही विचारलें नाहीं. या खेपेस मागची आवृत्ति आम्हीहि वाचलेली होती.